एकल नृत्यातील दुसरा कलावंत

रंगमंचावर एकटा उभा राहून नृत्य करणारा कलावंत वस्तुतः कधीच एकटा नसतो, ही गोष्ट आपल्या परंपरेने इतक्या सहजपणे गृहीत धरलेली आहे की तिचा निराळा उच्चार करण्याचे कारण एरवी पडू नये. कथक करणाऱ्याच्या बाजूला तबलजी असतो, लेहरा धरणारा सारंगिया असतो. भरतनाट्यमच्या नर्तिकेला नट्टुवनाराच्या टाळांचा आधार असतो. आणि या सर्वांच्या दरम्यान आवर्तनाचा, समेचा, तिहाईचा असा एक जुना करार असतो, जो कोणी कागदावर उतरवलेला नसला तरी दोन अनोळखी कलावंतांनाही घटकाभरात एकमेकांचे सोबती करून टाकतो. परंतु ज्या कलेशी आपला असा वडिलोपार्जित करार झालेला नाही, म्हणजे शिल्पकाराची कला, विणकराची, चित्रकाराची, कळसूत्री बाहुल्या चालवणाऱ्याची किंवा मुक्तछंदात लिहिणाऱ्या कवीची कला, तिच्या सहवासात एखादे एकल नृत्य रचावे असे जेव्हा मनात येते, तेव्हा त्या कराराचे प्रत्येक कलम नव्याने ठरवावे लागते, आणि ते कोणत्या क्रमाने व कोणत्या धोरणाने ठरवावे याचे मार्गदर्शन आपल्या नृत्यशिक्षणात सहसा मिळत नाही. ही उणीव काही अंशी भरून निघावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

उदाहरण म्हणून मी वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीचे घेतो, आणि दुसरी कला म्हणून सूतकताई घेतो. पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांपासून दूर राहणाऱ्या नर्तकाला वाटते की सहकार्यासाठी लागणारा कलावंत आपल्या गावी कोठून मिळणार; पण ज्या गावाच्या मातीत एखादी कला पराकाष्ठेच्या शिस्तीने केली गेली, ते गाव या बाबतीत दरिद्री नव्हे. १९३२ साल संपता संपता विनोबा भावे वर्ध्याहून नालवाडीस राहावयास आले, १९३४ मध्ये त्यांच्या प्रेरणेने ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले, आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंतच्या काळात नालवाडीत टकळीवर आणि चरख्यावर जे प्रयोग झाले, ते मनुष्याच्या हातातून किती नेमके काम निघू शकते याची कसोटीच होते. विनोबा दिवसाचे कित्येक तास कातीत असत. एका हाताला शीण येऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हातालाही तेच शिक्षण दिले. १९४० च्या ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची ओळख देशाला करून दिली, तेव्हा त्यांच्या इतर गुणांच्या जोडीने टकळीच्या कामात त्यांनी घडवून आणलेल्या क्रांतीचाही मुद्दाम निर्देश केला. ज्या नर्तकाने आयुष्याची काही वर्षे हस्तक आणि तत्कार घोटण्यात घालवली आहेत, त्याला या साधनेचे मर्म उलगडून सांगण्याची गरज नाही.

सोबती निवडताना पहिली खबरदारी ही घ्यावी की जो लगेच होकार देतो आणि आपल्या प्रत्येक कल्पनेला मान डोलावतो, त्याच्यापेक्षा जो आपल्या कामाविषयी काटेकोर आहे आणि प्रसंगी 'हे असे होत नसते' असे सांगू शकतो, तो अधिक मोलाचा मानावा. गोपुरी, सेवाग्राम आणि भोवतालच्या खेड्यांत चौकशी केली असता कातण्याविणण्याचा दीर्घ अभ्यास असलेली माणसे अद्याप भेटू शकतात. वर्ध्याचे मगन संग्रहालय, ज्याचे उद्घाटन १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते झाले, तेथे निरनिराळ्या घडणीचे चरखे डोळ्यांखालून घालता येतात. परंतु संग्रहालय पाहून परतणे आणि कातणाऱ्या बाईंसमोर पेळू, म्हणजे कातण्यासाठी केलेली कापसाची वळी, घेऊन बसणे यांत महदंतर आहे. त्यांना आपण वयाप्रमाणे ताई म्हणू किंवा मावशी म्हणू, त्या कामापुरत्या आपल्या गुरुस्थानी आहेत हे पहिल्या भेटीतच आपल्या वागण्यातून स्पष्ट व्हावे. आणि त्या भेटीत नृत्य करून दाखवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण एकदा नृत्य दाखवले की समोरचे माणूस आदराने गप्प होते आणि मग आपल्याला जे शिकायचे असते ते त्याच्या ओठांवर येत नाही.

आता शिकायचे काय? येथे बहुतेक जण चुकीच्या वाटेने जातात. सूतकताई हा 'विषय' समजून ते चरखा, तिरंगा, गांधीजींचा चष्मा अशा चिन्हांची जुळणी करतात, आणि कातण्याचा अभिनय करून दाखवतात. कातणाऱ्या स्त्रीचा असा अभिनय करण्यासाठी कोणाचेही सहकार्य लागत नाही. आपल्या गतभावांत घागर भरणारी, घुंगट सारणारी, लोणी घुसळणारी स्त्री पूर्वीपासून आहे, तीत आणखी एकीची भर पडेल इतकेच. दुसऱ्या कलावंताकडून मागायची वस्तू म्हणजे त्याच्या कामाचा नियम. जो नियम पाळला नाही तर त्याचे काम बिघडते, तो नियम आपण आपल्या शरीरावर लादून घ्यावयाचा आणि त्याने आपले नृत्य कोठे अडते, कोठे वळते हे पाहायचे, हीच या सर्व खटाटोपाची किल्ली आहे असे माझे निश्चित मत आहे.

पेटीचरख्याचेच पाहू. उजवा हात चक्र फिरवीत असतो आणि तार ओढली जात असताना ते फिरणे अखंड असते. डाव्या हातातील पेळू चातीच्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईच्या, टोकापासून मागे मागे येत असतो आणि हात जितका मागे येतो तितकी तार निघते. हाताची मर्यादा संपली की चक्र किंचित उलटे फिरवून टोकाशी वेढलेले सूत सोडवावे लागते, आणि मग तार चातीशी काटकोनात धरून गुंडाळली जाते. म्हणजे ओढ, पीळ, उकल आणि गुंडाळणी अशा चार अवस्थांचे हे एक आवर्तन आहे, आणि त्यात दोन्ही हातांची गती कधीही सारखी नाही. डावा हात पिळाच्या मानाने घाई करील तर तार तुटते. रेंगाळेल तर जादा पीळ चढून सूत आक्रसते. हा नियम नृत्यात कसा उतरवावा? कथक करणाऱ्याने एक प्रयोग करून पाहावा: शरीराच्या फिरकीला पीळ मानावे आणि हाताच्या विस्ताराला तार मानावी, आणि स्वतःशी अट घालावी की जितकी फिरकी घेतली असेल तितकाच हात पसरायचा, त्याहून एक बोटही अधिक नाही, आणि हात पूर्ण पसरल्यावर तो परत आणण्यापूर्वी अर्धी उलटी फिरकी घेतल्यावाचून गत्यंतर नाही. पाठ केलेल्या तोड्याच्या अखेरीस हात आपोआप जेथे जातो, तेथे तो या अटीखाली जाऊ शकत नाही. शरीर गोंधळते, अडखळते, आणि त्या अडखळण्यातून आपल्या घराण्यात कोणी शिकवली नव्हती अशी हालचाल जन्माला येते. भरतनाट्यमच्या नर्तिकेला अडवूंच्या सममितीवर हाच प्रयोग करता येईल; उजवीकडे केलेले डावीकडे तसेच करण्याची तिची सवय येथे मोडते, कारण कातणाऱ्याचे दोन हात दोन निरनिराळ्या कामांवर नेमलेले असतात.

एक आवर्तन किती वेळाचे, ते सोबत्याबरोबर बसून घड्याळ लावून मोजावे. ते तीनतालाच्या सोळा मात्रांत बसेल अशी अपेक्षा धरू नये आणि बसवण्याचा अट्टाहासही करू नये. जुन्या हिशेबाने चार फुटांची एक तार आणि अशा ६४० तारांची एक गुंडी होते, यावरून या कामात पुनरावृत्तीचे प्रमाण किती असते ते ध्यानात येईल. रंगमंचावर कोणी ६४० तारा ओढणार नाही. परंतु त्याच क्रियेची दहावी वेळ पहिल्या वेळेपेक्षा प्रेक्षकाला निराळी का वाटते, हा प्रश्न मात्र नर्तकाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

दुसऱ्या कलेने नृत्याला बंधन घालावे ते कसे, याचा विचार इतरत्र कसा झाला हे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. ज्या १९३५ साली नालवाडीत टकळी फिरत होती, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये नर्तिका मार्था ग्रॅहॅमने 'फ्रंटियर' हे एकल नृत्य सादर केले आणि त्याचे नेपथ्य इसामू नोगुची या शिल्पकाराकडे सोपवले. नोगुचीने रंगमंचाच्या मागल्या बाजूस कुंपणाचा एक लहानसा तुकडा ठेवला आणि तेथून दोन दोर वरच्या दोन कोपऱ्यांकडे ताणून बांधले. बाकी सर्व जागा मोकळी. चित्र रंगवलेला पडदा नाही, डोंगर नाहीत, झाडे नाहीत. त्या दोन दोरांनी अवकाशाला दिशा दिली आणि नर्तिकेच्या प्रत्येक पावलाला अंतर प्राप्त झाले. तत्पूर्वी १९३० मध्ये 'लॅमेंटेशन' या नृत्यात ग्रॅहॅमने ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत स्वतःला बंदिस्त करून, बहुतेक काळ बाकावर बसूनच शोक व्यक्त केला होता. तेथे वस्त्र हेच बंधन होते आणि शोकाची आकृती त्या बंधनाशी झगडतानाच दिसत होती. या दोन्ही उदाहरणांत वस्तू थोडी आहे आणि तिची सत्ता मोठी आहे. आपल्याकडील हौशी प्रयोगांत नेमके उलट घडते: रंगमंच वस्तूंनी भरलेला असतो आणि त्यांतील एकही वस्तू नर्तकाला काही करण्यास भाग पाडीत नाही.

काळाच्या बाबतीत नर्तक मर्स कनिंगहॅम आणि संगीतरचनाकार जॉन केज यांचा दाखला मननीय आहे. १९४४ च्या एप्रिलात कनिंगहॅमने न्यूयॉर्कला एकल नृत्यांचा जो कार्यक्रम केला, त्यात दोघांनी आधी केवळ काळाची विभागणी ठरवून घेतली आणि त्या चौकटीत नृत्य व संगीत स्वतंत्रपणे रचले. ठरलेल्या जागी दोघे भेटत, एरवी आपापल्या मार्गाने जात. समेवर भेटण्याची सवय असलेल्या आपल्या कलावंतांना ही कल्पना परकी वाटू नये. फक्त येथे सम दर आवर्तनाला न येता दोन-तीन मिनिटांनी येते. कातणारे माणूस आणि नर्तक यांच्यासाठी ही पद्धत मला विशेष सोयीची वाटते, कारण कातणाऱ्याने आपली लय नर्तकासाठी बिघडवावी लागत नाही. बारा मिनिटांची रचना असेल तर तीन तीन मिनिटांचे चार भाग करावेत आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दोघांनी काय करावयाचे तेवढेच पक्के करावे.

याउलट नर्तक उदयशंकरांच्या मंडळींत संगीत नृत्याच्या अनुरोधाने रचले जाई, आणि विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराली यांनी ते काम वर्षानुवर्षे केले. तेथे नर्तक अग्रेसर होता आणि संगीतकाराने ते मान्य केले होते. मुंबईत कनक रेळे यांनी मोहिनीअट्टमसाठी केरळचे कवी आणि नाटककार कावालम नारायण पणिक्कर यांच्याबरोबर जे काम केले, त्यात सोपान संगीताचा ढंग नृत्याच्या गाभ्यात शिरला आणि नर्तिकेने त्या गायनपद्धतीची शिस्त स्वीकारली. सोबती काळाच्या पडद्याआड गेलेला असला तरी सहकार्य घडू शकते: तंजावरच्या सरफोजी राजांच्या मराठी निरूपणांवर आचार्य पार्वतीकुमारांनी परिश्रम घेतले आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तो वारसा पुढे नेला. मात्र हयात नसलेला कवी आपल्याला अडवू शकत नाही, ही त्या मार्गातील उणीव आहे, आणि म्हणून पहिल्या प्रयोगासाठी मी हयात सोबतीच सुचवीन. यांपैकी कोणता मार्ग घ्यावयाचा, म्हणजे आधी नृत्य की आधी दुसरी कला, की दोन्ही स्वतंत्र, याचा निर्णय कामाच्या आरंभी घेऊन वहीत लिहून ठेवावा.

आता काही व्यावहारिक बाबी. विदर्भाचा उन्हाळा कोरडा आणि प्रखर असतो. अशा हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो आणि सूत वारंवार तुटते. तेव्हा सोबत्याबरोबरचे शिक्षण पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत ठेवण्याची तजवीज करावी, चैत्र-वैशाखात आपली तालीम पहाटे करावी, आणि प्रयोग उन्हाळ्यात करणे भागच असेल तर तुटणारी तार हा रचनेचाच भाग धरून चालावे. तार तुटल्यावर कातणारे माणूस काय करते, ते बारकाईने पाहण्यासारखे असते: त्यात चिडणे नसते, घाई नसते, टोक शोधून पेळूला लावले की चक्र पुन्हा फिरू लागते. मला विचाराल तर साऱ्या क्रियेतील नृत्याला सर्वांत अनुकूल क्षण हाच आहे.

वस्त्रासाठी हातकताईची खादी घ्यावयाची असल्यास शिवण्यापूर्वी ती दोन-तीन वेळा धुवून घ्यावी, नाहीतर पहिल्या प्रयोगानंतर अंगरखा आखूड होतो. खादीचा घेर रेशमाप्रमाणे उडत नाही. तो जड उठतो आणि उशिरा खाली बसतो, त्यामुळे चक्करांचा वेग वस्त्राला विचारूनच ठरवावा आणि तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून तेच वस्त्र अंगावर असावे. प्रकाशयोजना करणाऱ्याला प्रारंभीच सांगावे की सुताची तार समोरून टाकलेल्या प्रकाशात दिसत नाही; गडद पडदा मागे ठेवून पाखेतून तिरपा प्रकाश टाकला तरच ती काही रांगांपर्यंत दिसते, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ती मुळीच दिसणार नाही हे मान्य करून हालचालीतूनच तिचे अस्तित्व पटवावे. ध्वनीविषयी सांगायचे तर टकळी जवळजवळ निःशब्द आणि चरख्याची घरघर सौम्य असते. दोन्ही पायांत शंभर शंभर घुंगरांचे चाळ बांधून आपण नाचलो तर ती घरघर कोणाच्याही कानी पडणार नाही. एखादा भाग घुंगरांवाचून करण्याची तयारी असावी. कथकच्या अभ्यासकाला हे अवघड जाईल, कारण पायांतला नाद हाच त्याचा आधार असतो. पण तो आधार थोडा वेळ काढून घेतल्यावर पाऊल जमिनीवर कसे पडते हे त्याचे त्यालाच नव्याने ऐकू येईल.

सोबत्याने रंगमंचावर बसावे काय, हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. कातणाऱ्या बाईंना कोपऱ्यात बसवून त्यांच्यापुढे आपण नाचावे, हे दृश्य सुंदर दिसते म्हणून मोह पडतो. तथापि त्या तेथे केवळ दिसण्यासाठी बसल्या असतील तर तो त्यांच्या कलेचा अवमान आहे. त्या बसणारच असतील तर त्यांचे काम खरे असावे आणि त्याचा परिणाम नृत्यावर व्हावा: उदाहरणार्थ, त्यांच्या चातीवरची सुताची कोकडी भरेल तेव्हाच रचना संपेल, ती लवकर भरो वा उशिरा. अशी अट स्वीकारण्याचे धैर्य नसेल तर सोबत्याला पहिल्या रांगेत सन्मानाने बसवावे आणि रंगमंच आपण एकट्याने सांभाळावा.

यानंतर ज्या विषयावर बोलताना कलावंत संकोचतात तो, म्हणजे मेहनताना आणि नाव. नालवाडीच्या सूतकताईशी मजुरीचा प्रश्न मुळापासून जोडलेला आहे, हे येथे विसरून चालणार नाही. कातणाऱ्याला निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, आठ तासांच्या कामास आठ आणे हा आदर्श समोर असावा, असा आग्रह गांधीजींनी १९३५ मध्ये धरला. आणि कातणाऱ्याचे पोट त्याच्या सुतावर भरू शकते काय, हे विनोबांनी स्वतः दिवसाकाठी चार चार गुंड्या कातून पडताळून पाहिले. त्या भूमीवर कातणाऱ्याचा हात नृत्यासाठी घेणाऱ्याने त्याच्या वेळेचे मोल न देणे ही गोष्ट मला अक्षम्य वाटते. प्रयोगाची बिदागी निराळी आणि शिकवण्याच्या, तालमीच्या दिवसांचा मेहनताना निराळा असा हिशेब असावा. दिवस बुडाल्याने सोबत्याची जी मिळकत बुडते तिच्याहून हा मेहनताना कमी नसावा. आणि संस्थेकडून अनुदान मागताना अंदाजपत्रकात ही रक्कम पहिल्या ओळीत दाखल करावी, उरल्यासुरल्या शिलकेतून देण्यासाठी ठेवू नये.

करारनामा लेखी करावा, मग तो साध्या कागदावर दोन परिच्छेदांचा का असेना, आणि सोबत्याला वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातल्या माणसाकडून त्याला तो वाचून दाखवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेचा समावेश नाट्यकृतीत केलेला आहे, परंतु तिचा आकार लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेला असला पाहिजे, असे त्यातील व्याख्या सांगते. म्हणून रचनेचे टिपण आणि संपूर्ण चित्रफीत तारखेसह जपून ठेवणे ही नुसती हौस नव्हे. दोघांचा वाटा एकमेकांपासून वेगळा काढता येत नसेल तर कायदा ती कृती संयुक्त कर्तृत्वाची मानतो. हक्क दुसऱ्याकडे सोपवायचे झाल्यास ते लेखी असावे लागतात, आणि मुदत नमूद केलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तेव्हा चार गोष्टी तरी करारनाम्यात याव्यात: जाहिरातीत आणि निवेदनात दोघांची नावे कोणत्या क्रमाने येतील, सोबती उपलब्ध नसताना नर्तकाला रचना करता येईल की नाही, दुसऱ्या नर्तकाला ती शिकवायची झाल्यास कोणाची परवानगी लागेल, आणि सोबत्याने दिलेली वस्तू, चरखा असो वा वस्त्र, शेवटी कोणाच्या मालकीची राहील. पैशाच्या वादाने जितकी सहकार्ये मोडली असतील, त्याहून अधिक नावाच्या वादाने मोडली असावीत, असा माझा समज आहे.

मतभेद होतील, आणि ते व्हावेत. सोबती म्हणेल की असा हात कोणी धरत नाही; आपण म्हणाल की रंगमंचावर तसा धरलेला हात दिसत नाही. अशा वेळी दोन्ही रीती करून पाहाव्यात आणि निर्णय दुसऱ्या दिवसावर टाकावा. हाताच्या सत्यतेविषयी शेवटचा शब्द सोबत्याचा, आणि प्रेक्षकाच्या नजरेविषयी शेवटचा शब्द नर्तकाचा, अशी वाटणी मला न्याय्य वाटते.

पहिला प्रयोग नागपूरच्या वा पुण्याच्या नाट्यगृहात करण्याची घाई करू नये. तो नालवाडीतच, एखाद्या शाळेच्या किंवा संस्थेच्या सभागृहात, दिवसाउजेडी, कातणाऱ्या-विणणाऱ्या मंडळींसमोर करावा, आणि नंतर त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून त्यांचे म्हणणे टिपून घ्यावे. ती मंडळी नृत्याची स्तुती करतील, ती ऐकून घ्यावी. पण प्रश्न हाताविषयी विचारावेत: तार कोठे तुटली असती, पीळ कोठे जास्त झाला, कोणत्या क्षणी त्यांना स्वतःचे काम आठवले आणि कोणत्या क्षणी आठवले नाही. जेथे आठवले नाही ते भाग पुन्हा रचावेत, सोबत्यासमोर पुन्हा करून दाखवावेत, आणि दुरुस्त रचनेची चित्रफीत व टिपण यांची एक प्रत त्याच्या स्वाधीन केल्यावरच दुसऱ्या प्रयोगाची तारीख मुक्रर करावी.